माग न ठेवणारा माणूस

ताईचा फोन आला तेव्हा मी स्टुलावर उभा राहून दारावर दिव्यांची माळ लावत होतो. दिवाळी दोन दिवसांवर आली होती आणि इथं परदेशात, आमच्या कनाट्यात, सकाळपासून मोसमातला पहिला बर्फ पडत होता, ओला आणि जड. "अरे, हे अजून आले नाहीत," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. भाऊजी भल्या पहाटे हरणाच्या शिकारीला गेले होते. जेवायला घरी येतो म्हणून सांगून गेले होते. जेवणाची वेळ टळून गेली होती आणि फोन लागत नव्हता. "रेंज नसेल गं तिकडे," मी म्हणालो. "रानात नसते हे मला माहीत आहे," ती म्हणाली, "पण गाडीपाशी आले की येते. आणि तिथून ते फोन करतातच. निघालो, कुकर लाव, एवढं तरी सांगतातच." मी स्टुलावरून उतरलो, बूट घातले आणि माळ अर्धी लोंबती ठेवूनच गाडी काढली.

त्या गोष्टीला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारी मंडळी हळहळतात, भाऊजींचं कौतुक करतात आणि चहा संपत आला की हळूच विचारतात, पण शिकारीला कशाला जात होते हो? तेही धनुष्यबाण घेऊन? या प्रश्नात थोडी चौकशी असते आणि थोडा दोषही असतो, म्हणजे आपल्या माणसानं असले उद्योग करायचेच कशाला, असा. मी इतके दिवस काही उत्तर दिलं नाही. एक तर मी मूळचा भित्रा माणूस. नागपुरात वाढलो, तिथल्या महाराजबागेच्या पिंजऱ्यांपलीकडचं जनावर पाहिलं नाही. आमच्या घरात 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' ही म्हण माझं दुसरं नाव असल्यासारखी वापरली जायची. रानाबद्दल मी काय बोलणार? पण भाऊजींना रानात पाहिलेला आपल्या लोकांतला मी एकटाच, त्यामुळे लिहायचं तर मलाच लिहायला हवं.

भाऊजी विदर्भातल्या नवेगावच्या बाजूच्या एका खेड्यातले. वडील शाळामास्तर. बुद्धपौर्णिमेला वनखात्याची माणसं पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून जनावरं मोजत, तेव्हा मास्तर आणि त्यांचा हा मुलगा हौसेनं मोजायला जात. खोकायचं नाही, खाजवायचं नाही, डास चावला तर चावू द्यायचा. भाऊजींनी तिथं कधी पाखरूही मारलं नाही. इंजिनियर होऊन ते या देशात आले, विंडसर नावाच्या शहरात गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात लागले, आणि तिथल्या एका सहकाऱ्यानं त्यांच्या हातात पहिल्यांदा धनुष्य दिलं. मग रीतसर कोर्स, परीक्षा, लायसन्स. ताईनं आकाशपाताळ एक केलं. घरात देव आहेत, म्हणाली. शेवटी मांस गॅरेजातल्या फ्रीजरमध्येच राहील आणि देवघराच्या मजल्यावर येणार नाही, असा तह झाला. तो तह पहिल्याच वर्षी मोडला, कारण हरणाचं मांस सावजी मसाल्यात शिजवून पाहायचा मोह ताईलाच आवरला नाही. बंदूक मात्र त्यांनी कधी घेतली नाही. बंदुकीनं सारं रान उठून बसतं, म्हणायचे. धनुष्यासाठी जनावराच्या अगदी जवळ जावं लागतं, आणि जवळ जायचं तर ते जनावर नीट समजून घ्यावं लागतं, आणि भाऊजींना खरी हौस त्या समजून घेण्याची होती.

त्यांची पहिली फजिती ते स्वतःच रंगवून सांगत. पहिला सबंध मोसम ते विंडसरजवळच्या मक्याच्या शेतात एका तळ्याकाठी बसून राहिले. विदर्भातला माणूस जनावर पाहायचं तर पाणवठाच धरणार! उन्हाळ्यात दहा कोसात एक डबकं उरतं, सगळ्यांना तिथं यावंच लागतं. इथं तळ्यावर चिटपाखरू फिरकलं नाही. शेवटी तो सहकारी हसून म्हणाला, अरे बाबा, या देशात पाणी कुठं नाही? खड्ड्यात, नाल्यात, पानावर, सगळीकडं पाणीच आहे. भाऊजी मला म्हणाले होते, "तवा समजलं बाप्पा. जनावर कुठं हाय हे नाही पाहाचं. त्याले आज काय पायजे, हे पाहाचं. आपल्याकडं तहान शोधा लागते, अन् इकडं भूक." मग त्यांनी ओकची झाडं हेरली. शरदात त्यांची फळं पडायला लागली की हरणं त्यावर तुटून पडतात. "ओक म्हणजे इथला मोह," ते म्हणायचे, कारण गावाकडं मोहफुलांवर जनावरं अशीच येतात.

पुढं नोकरी बदलून ते आमच्याकडं कनाट्यात आले आणि शिकलेलं सगळं पुन्हा पुसावं लागलं. विंडसरची जमीन पोळपाटासारखी सपाट, वारा एका बाजूनं आला की सरळ दुसऱ्या बाजूला जातो. इथं पश्चिमेला तासाभरावर जे रान आहे ते सगळं खडक, उंचवटे, दलदल आणि देवदारासारख्या सीडरची दाट झाडी. वारा खडकावर आपटून फिरतो, सकाळी थंड हवा उताराने खाली सरकते, ऊन तापलं की उलटी वर चढते. भाऊजींचा वास कधी समोरून तर कधी मागून हरणांपर्यंत पोचायचा आणि ती शेपट्या उडवत पळायची. दोन मोसम हात हलवत परत आले. मग रस्त्याकडेच्या झुडपातून त्यांनी आपल्या रुईसारख्याच एका झाडाच्या शेंगा आणल्या. आतला कापूस पाहून लहान मुलासारखे हरखले. "ही तं आपली म्हातारी!" एकेक म्हातारी खिशातून काढून हवेत सोडायची, ती कुठं जाते ते टक लावून पाहायचं, आणि त्यावरून बसायची जागा ठरवायची.

वास... त्या माणसाचं सारं आयुष्य शेवटी शेवटी वासाभोवती फिरायला लागलं होतं. शिकारीच्या आदल्या दिवशी लसूण नाही, फोडणी नाही, डोक्याला तेल नाही, नुसता दहीभात. बिनवासाच्या साबणानं अंघोळ. शिकारीचे कपडे वेगळे धुवायचे, बाहेर वाळवायचे आणि घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सीडरच्या डहाळ्या घालून ठेवायचे. त्यांना कोणी हात लावायचा नाही, आणि रानाच्या तोंडाशी गेल्यावरच ते अंगावर चढवायचे. ताई म्हणायची, "आमच्या आजीनं एवढं कडक सोवळं पाळलं नाही. जगातलं हे पहिलं मांसाहारी सोवळं!" आम्ही सगळे हसायचो. भाऊजीही हसायचे, पण डब्याला हात लावू द्यायचे नाहीत.

मी त्यांच्याबरोबर गेलो तो वसंतात, शिकार नसते तेव्हा. एप्रिलमध्ये बर्फ वितळला की रान मागच्या वर्षीचं सगळं उघडं करून दाखवतं: हरणांच्या पायवाटा, नरांनी शिंगं घासून सोललेली खोडं, बसायच्या जागा. पुढच्या मोसमाचं ते तेव्हाच ठरवून टाकायचे. मला अस्वलाची भीती वाटत होती म्हणून मी जरा मोठ्यानं गाणं म्हणत चाललो होतो. "काऊन गाऊन राह्यला बे?" ते वळून म्हणाले. "वरातीत आला काय?" मी म्हणालो, "भाऊजी, अस्वलाला आवाज द्यावा लागतो, गावाकडं तुम्हीच सांगत होतात." "ते अस्वल गावचं होतं, साळेबुवा. हे तुले पाहून आधीच पळालं." मग ओढा ओलांडून ते मला सीडरच्या दाट झाडीमागं घेऊन गेले. तिथं दिवसासुद्धा संध्याकाळ असल्यासारखं होतं आणि माझी पाचावर धारण बसली होती. पण तिथं वारा मात्र अजिबात लागत नव्हता. "पह्यला बर्फ पडला, अन् वारा वायव्येकडून आला, का मंग ओकवर बसून फायदा नाही," ते कुजबुजले. "भूक संपली. मंग ऊब पायजे. मंग सारे इथं येतात." मी मान हलवली. मला फक्त गाडीत जाऊन बसायचं होतं.

दिवाळीआधीच्या त्या दुपारी मी तिथं पोचलो तेव्हा भाऊजींची गाडी नेहमीच्या जागी, शेताच्या वाटेवर उभी होती. कुलूप लावलेली, काचेवर बर्फ साचलेला. जमीन ज्याची होती तो म्हातारा शेतकरी, त्याला सगळे डग म्हणत, हातात काठी घेऊन उभा होता. ओकवरच्या त्यांच्या मचाणावर तो आधीच जाऊन आला होता. मचाण रिकामं होतं. पोलीस आले, त्यांच्यातली एक बाई कुत्रा घेऊन आली. बर्फानं पावलांचे ठसे केव्हाच बुजवले होते. कुत्रा ड्रायव्हरच्या दाराशी हुंगला, शेतातून सरळ ओढ्यापर्यंत गेला आणि तिथं गोल गोल फिरायला लागला. मला कारण लगेच कळलं. भाऊजी रबरी बूट घालून ओढ्याच्या पाण्यातून चालत जायचे. माग राहू नये म्हणून.

त्या पोलीस बाईनं मला अगदी शांतपणे विचारलं, त्यांचा अंगावर घातलेला, न धुतलेला एखादा कपडा घरी मिळेल का? कुत्र्याला त्याचा वास दिला तर ओढ्याच्या दोन्ही काठांनी शोधता येईल. मी ताईला फोन लावला. ती म्हणाली, "अरे, काल सगळं धुतलं रे. दिवाळी ना. चादरी, अभ्रे, टॉवेल, त्यांचे स्वेटर, टोप्या, सगळं. लॉन्ड्रीची बास्केटसुद्धा पुसून ठेवली." मी विचारलं, शिकारीचा दुसरा जोड? "तो दुसऱ्या डब्यात आहे, इथं घरी. पण त्याला त्यांचा वास कुठं असतो?" आणि मग ती रडायला लागली. मागून माझ्या भाचीचा आवाज आला, "मॉम, व्हॉट आर दे आस्किंग? व्हाय आर यू क्राइंग?" मी फोन बंद केला. एवढा मोठा माणूस, तीस वर्षांचा संसार, आणि घरात त्याचा वास येईल असं एक फडकं नव्हतं. अर्धं त्यानं स्वतः पुसलं होतं आणि अर्धं आमच्या दिवाळीनं. उजेड उतरायला लागला होता, थंडी वाढत होती, आणि माझ्या डोक्यात एकच विचार थैमान घालत होता. ज्यानं इतकी वर्षं आपला माग कुणाला लागू नये म्हणून खटपट केली, त्याचा माग आता काढायचा कसा?

मी फार हुशारीनं विचार केला असं सांगणार नाही. मला इतकी भीती वाटत होती की मी नुसता वाऱ्याकडं तोंड करून उभा होतो. आणि तो वारा शेताच्या वरच्या कोपऱ्याकडून येत होता. "डग, वायव्य कुठली?" मी विचारलं. त्यानं काठीनं वारा येत होता तिकडंच दाखवलं. मग मला ओढ्यापलीकडची ती अंधारी झाडी आठवली. मी पोलिसांना म्हणालो, ते ओकवर नसतील, आज तिथं बसणारच नाहीत. बाईनं नकाशा पुढं धरला. मला नकाशा कुठला वाचता येतोय! मी म्हणालो, चालून दाखवतो. आयुष्यात पहिल्यांदा मी रानात पुढं होतो आणि माझ्यामागं माणसं होती. खडकावर पाय घसरत होते. ते सापडायला उशीर होईल याची भीती होती, मी चुकलो असेन याची भीती होती, आणि या सगळ्याखाली, खरं सांगतो, मी बरोबर असेन याची सगळ्यात जास्त भीती होती.

ते तिथंच होते. मचाणावर नाही, एका सीडरच्या बुंध्याला पाठ टेकून खाली बसलेले. धनुष्य फांदीला टांगलेलं, बाण सगळे जागच्या जागी. मी लांबून हाक मारली, "भाऊजी!" मान किंचित खाली होती, दम खात बसल्यासारखी. जवळ गेलो तेव्हा दिसलं की खांद्यावर बर्फ आहे, टोपीवर आहे, आणि भुवयांवरही आहे. तो विरघळत नव्हता. मी पुढं व्हायला लागलो तर पोलीस बाईनं माझा दंड धरला. "डोन्ट," ती म्हणाली, आणि मग खाली बोट दाखवलं. त्यांच्या पसरलेल्या पायांजवळून, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून, ताज्या बर्फात हरणाच्या खुरांचे ठसे गेले होते. ते बिचकून पळालं नव्हतं. त्यांच्यासमोर थांबलं होतं, ठसे तिथं जरा दाट झाले होते. मग हळूहळू, पाऊल पाऊल टाकत पुढं गेलं होतं. त्या जनावराला तिथं माणूस आहे हे कळलंच नव्हतं. एरवी भाऊजींना याचा केवढा आनंद झाला असता. माझ्या मात्र डोळ्यांसमोरून ते ठसे अजून हलत नाहीत.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, सकाळीच, फार त्रास झाला नसावा. आम्ही कितीही लवकर पोचलो असतो तरी उपयोग नव्हता. हे ऐकून लोकांना बरं वाटतं. मला वाटलं नाही. मी अजून रोज सकाळी दार उघडलं की आधी वारा कुठून येतोय ते पाहतो, आणि वायव्येचा असला तर कामावर जाईपर्यंत छाती धडधडत राहते. ताईची भीती वेगळी होती. तिनं ती एकदाच बोलून दाखवली. "मी घरभर हुंगत फिरते रे. कपाट, सोफा, त्यांची खुर्ची. सगळीकडं नुसता साबणाचा वास. मला वाटतं मी त्यांचा वास विसरणार. मग ते होते कशावरून?" मी तिचा हात धरून बसलो.

मागच्या आठवड्यात भाऊजींच्या गाडीला विंटर टायर बसवून आणायचे होते. ती गाडी त्या दिवसानंतर मीच चालवत आणून ताईच्या गॅरेजात लावली होती आणि कुणी हात लावला नव्हता. टायर ठेवायला मी डिकी उघडली. आत तोच प्लास्टिकचा डबा, झाकणाच्या चारही कड्या घट्ट लावलेल्या. मी उचलून बाजूला ठेवणार होतो, पण तो वाटला त्यापेक्षा हलका लागला, आत काहीतरी सरकलं, आणि तेव्हा लक्षात आलं की सोवळ्याचे कपडे तर त्यांच्या अंगावर गेले. मग या डब्यात काय आहे? मी ताईला हाक मारली. ती शाल गुंडाळून पायरीवर आली. गॅरेजचं मोठं दार उघडंच होतं, बाहेर बर्फ भुरभुरत होता. मी म्हणालो, "मी उघडू का?" तिनं मान हलवली, खाली बसली आणि स्वतःच एकेक कडी काढली.

घरून घालून गेलेले कपडे होते, रानाच्या तोंडाशी बदलून ठेवलेले; त्या दुपारी ते कुलूपबंद गाडीत असतील हे आम्हा कुणालाच सुचलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी नियम मोडून त्यांनी ताईला चिवडा परतायला मदत केली होती, तेव्हाचा तो राखाडी टीशर्ट. धुण्यात टाकायचा राहिला होता आणि पहाटे अंधारात तोच अंगात घालून ते निघाले होते. मोजे, पॅन्ट, मफलर. झाकण वर होताच मला उभ्या जागी आला तो वास, तळलेल्या लसणाचा, कढीपत्त्याचा, आणि त्याखाली आमच्या भाऊजींचा. ताईनं दोन्ही हातांनी टीशर्ट उचलला आणि तोंड त्यात खुपसलं. तिचे खांदे हलत होते. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेलो, तर तिनं घाईघाईनं टीशर्ट परत डब्यात कोंबला, झाकण दाबलं आणि घाबरून माझ्याकडं पाहिलं.

"आधी ते दार लाव," ती म्हणाली. "वारा येतोय आत."